मुलगा म्हणतो आयफोन, मुलगी म्हणते अँड्रॉईड

पत्राचा सारांश: कराडजवळ राहणाऱ्या, चोपन्न वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरून फराळाच्या आणि डब्यांच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. चार वर्षांपूर्वीचा अँड्रॉईड फोन आता रडतखडत चालतो आणि 'स्टोरेज भरलं' म्हणून सारखा ओरडतो. मुलगा न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात घरी येतोय आणि येताना आईसाठी आयफोन आणणार म्हणतो. 'आम्ही सगळे फेसटाइमवर असतो, तूच तेवढी नसतेस,' हे त्याचं म्हणणं. (फेसटाइम म्हणजे आयफोनवरचं व्हिडिओ कॉलचं ॲप.) पुण्यातली मुलगी म्हणते, आईला ते झेपायचं नाही, तेवढ्या पैशांत तीन अँड्रॉईड येतील. शेजारचे सर म्हणतात, अँड्रॉईडवरूनच बँकेतले पैसे जातात. ताईंचा प्रश्न: 'दोन्हींत खरंच चांगला कोणता? या वयात मला आयफोन जमेल का? आणि नको म्हटलं तर मुलाला वाईट वाटेल, त्याचं काय करू?'

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. मुलगा, मुलगी आणि सर, तिघंही तळमळीने सांगताहेत, पण तुमचा दिवस कसा जातो हे तिघांपैकी कुणाच्याच बोलण्यात नाही. ते तुम्हीच ओझरतं लिहिलंय: सकाळी भाजणी मळता मळता ऑर्डर आली की करंगळीने गुगलच्या कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि 'चकली दोन किलो, अनारसे एक किलो, शनिवारी सकाळी' असं बोलून टाकायचं. कोणता फोन घ्यायचा हे मी या वाक्यावरून ठरवीन. 'चांगला कोणता' या प्रश्नाला एकच एक उत्तर असतं तर गेली पंधरा-सोळा वर्षं लोक त्यावरून भांडत बसले नसते.

आधी मुलाचं घेऊ. तो जिथे राहतो तिथे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेत घरोघरी फोनमधल्या मूळच्या मेसेज ॲपवरच बोलणं चालतं. आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळा दिसतो, अँड्रॉईडला गेलेला हिरवा. कित्येक वर्षं अँड्रॉईडवाल्यांना गेलेले व्हिडिओ पार धुरकट होऊन पोचायचे, ग्रुपमध्ये घोळ व्हायचे. २०२४ मध्ये ॲपलने नवी मेसेज पद्धत स्वीकारल्यावर ते बरंच सुधारलं, पण तोवर 'घरात सगळ्यांकडे आयफोनच हवा' ही सवय पक्की झाली होती. आपल्याकडे ही भानगड कधी झालीच नाही. तुमची भाचेसून, दूधवाला, बँकेतले साहेब, सगळे व्हॉट्सॲपवर, आणि समोरचा फोन कुठला आहे याच्याशी व्हॉट्सॲपला काही देणंघेणं नाही.

राहिलं फेसटाइम. २०२१ पासून आयफोनवाल्याला फेसटाइमची लिंक पाठवता येते आणि ती अँड्रॉईडवर क्रोममध्ये उघडते. येत्या रविवारी मुलाला सांगा, 'लिंक पाठव.' लिंकवर बोट ठेवा, नाव टाका, कॅमेरा आणि माइकची परवानगी मागितली की द्या, आणि त्याने पलीकडून आत घेईपर्यंत थांबा. तुमच्याकडून त्याला कॉल सुरू करता येणार नाही, एवढी उणीव आहे. पण नातवाचा चेहरा बघायला ऐंशी हजारांचा फोन लागतो, हा समज तरी त्या दिवशी निघून जाईल.

मुलाला आणखी एक गोष्ट आजच कळवा, तिकीट काढायच्या आधी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नसते, सगळा कारभार ई-सिमवर, म्हणजे हातात कार्ड नाही, नंबर फोनच्या आतच भरलेला. तुमची दोन सिम आहेत, एक धंद्याचं आणि एक घरचं. दोन्ही ई-सिममध्ये बदलून घ्यावी लागतील. जिओ, एअरटेल, व्ही यांच्याकडे ते होतं, आणि आयफोनमध्ये दोन ई-सिम एकदम चालतातही. पण समजा ऐन लगीनसराईत फोन पाण्यात पडला. आज तुम्ही सिम काढून यजमानांच्या जुन्या फोनात घालाल आणि दहा मिनिटांत ऑर्डरी सुरू. ई-सिमला ही सोय नाही. नवं ई-सिम मागवा, ओळख पटवा, थांबा. तुमचा बँकेचा नंबर, यूपीआयचा नंबर आणि ऑर्डरींचा नंबर एकच असताना हे परवडणारं नाही. आयफोन घ्यायचाच असेल तर भारतातच घ्यावा, असं मी म्हणेन. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनला एक साधं सिम आणि एक ई-सिम अशी सोय असते. वॉरंटीचा प्रश्नही मग सरळ राहतो.

आता मुलीचं. 'आईला झेपायचं नाही' हे मला पटलेलं नाही. जी बाई व्हॉट्सॲप बिझनेसवर पदार्थांचे फोटो आणि भाव लावते, क्यूआर कोडचा स्पीकर लावून घेते, महिन्याचा हिशेब फोनवर ठेवते, तिला आयफोन नक्की जमेल. दोन आठवडे चिडचिड होईल, मग हात बसेल. चिडचिड कशाची, तेही सांगते. अँड्रॉईडवर मागे जायचं बटण तळाशी कायम असतं किंवा कडेवरून बोट ओढलं की कुठूनही मागे जाता येतं. आयफोनवर बहुतेक ॲपमध्ये डाव्या कडेवरून बोट ओढून मागे जाता येतं, पण काहींत वरच्या कोपऱ्यातली खूण शोधावी लागते. तुम्ही एका हाताने, तोही पिठाचा, फोन वापरता, म्हणून हे लिहिलं. नाहीतर ही तक्रार लिहिण्यासारखी नाही.

मराठीचं म्हणाल तर आयफोन इतकी वर्षं मागे होता, आता बराच पुढे आलाय. २०२४ मध्ये इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय आली, आणि २०२५ च्या एका अपडेटनंतर सगळा मेनू मराठीत करता येतो. लॉक पडद्यावरचं घड्याळसुद्धा देवनागरी आकड्यांत लावता येतं, दिसतंही झकास. पण तुमचं काम घड्याळावर नाही, माइकवर चालतं. गुगलचं मराठी बोलून लिहिणं अँड्रॉईडवर २०१७ पासून आहे आणि तुमच्या जिभेला त्याची, त्याला तुमच्या जिभेची सवय झालीय. आयफोनवर ते जसंच्या तसं हाताशी येईल असं धरून चालू नका. दुकानात जाल तेव्हा समोरच्या मुलाला बाजूला करा आणि स्वतः 'अनारसे', 'कडबोळी', 'चिरोटे' बोलून बघा. कडबोळ्यांचं काय उमटतं ते पाहून निम्मा निर्णय तिथेच होईल.

पैशांचा हिशेब मात्र मुलीने थोडा घाईत केला. तीन अँड्रॉईड येतील हे खरं, पण तीन घ्यावेसुद्धा लागतील का, हे बघायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला आयफोन १७ भारतात ८२,९०० रुपयांपासून होता. आयफोनला साधारण सहा-सात वर्षं अपडेट मिळत राहतात. २०१९ चा आयफोन ११ अजून २०२५ च्या आयओएस २६ वर, म्हणजे आयफोनच्या त्या वर्षीच्या मूळ प्रणालीवर, चालतो. सात वर्षं वापरला तर वर्षाला बारा हजारांच्या आत पडतो, मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल ती वेगळी. वीस-बावीस हजारांचा अँड्रॉईड तीन वर्षांत टाकून दिला तर वर्षाला सात हजार. तोच सहा वर्षं टिकला तर चार हजारांच्याही आत. म्हणजे अँड्रॉईड स्वस्त पडतो हे नक्की, पण किती स्वस्त, ते कंपनी किती वर्षं अपडेट देते यावर. पूर्वी स्वस्त अँड्रॉईडची बोंब इथेच होती: दोन वर्षं झाली की कंपनी तुम्हाला विसरायची. आता चित्र बदललंय. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षांचा शब्द दिला. ते महागडे फोन झाले. पण त्याच वर्षी सॅमसंगने वीस हजारांच्या आतल्या ए १६ फाइव्ह-जीलाही सहा वर्षं दिली. म्हणून दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारायच्या आधी 'सिक्युरिटी अपडेट कोणत्या सालापर्यंत' हे विचारा. विकणारा चाचरला तर कंपनीच्या साइटवर मुलीकडून बघून घ्या.

आयफोनच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर मुलाला वाटेल मी त्याच्यावर डूख धरून आहे. व्हिडिओ उत्तम येतो, चार वर्षांनीही फोन रेंगाळत नाही, विकायला काढला तर पैसे बरे येतात. शिवाय तुमच्या आताच्या फोनसारखा तो मध्येच रमीची आणि कर्जाची जाहिरात दाखवत नाही. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. स्वस्त अँड्रॉईड फोनात कंपन्या आधीच डझनभर ॲप भरून देतात, आणि रात्री अकरा वाजता 'तुम्हाला बक्षीस लागलंय' असं वाजतं ते बऱ्याचदा त्यातूनच. ही ॲप पहिल्याच दिवशी काढता येतात, निघत नसतील ती बंद करता येतात, पण कुणीतरी अर्धा तास बसून ते करायला हवं. एखादं ॲप तुमचा माग काढत दुसऱ्या ॲपांत डोकावणार असेल तर आयफोन २०२१ पासून आधी तुम्हाला विचारतो. गुगलचं पोट जाहिरातींवर चालतं, तिथे एवढा काटेकोरपणा नाही.

सरांचं अर्ध खरं आहे. ते कशाबद्दल बोलताहेत याचा अंदाज आहे मला. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉईडवर ॲप बसवणारी फाइल, येते, माणूस कुणाचं लग्न म्हणून दाबतो, मेसेज वाचायची परवानगी देतो, आणि मग ओटीपी परस्पर चोराकडे. ही फाइल आयफोनवर चालतच नाही, आणि तिथे ॲपला तुमचे मेसेजही वाचता येत नाहीत. इथे आयफोन खरोखर जास्त सुरक्षित आहे. पण अँड्रॉईडवर हे दार आपल्याला बंद ठेवता येतं. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' असं शोधा, यादीत व्हॉट्सॲप आणि क्रोम समोर परवानगी बंद आहे ना ते बघा. बंद असेल तर फाइल दाबली तरी फोन आधी अडवतो, आणि तेव्हा 'परवानगी द्या' न म्हणणं एवढंच तुमच्या हातात उरतं. उरलेली निम्मी लूट फोनमधून होतच नाही, बोलण्यातून होते: 'आज रात्री वीज तोडणार', 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय', 'डिजिटल अटक', 'स्क्रीन शेअर करा, मी मदत करतो'. या फोनला उत्तर देणाऱ्याच्या हातात आयफोन आहे की अँड्रॉईड, याने चोराला काही फरक पडत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर सरांनाही देऊन ठेवा.

धंद्याच्या बाजूने दोन गोष्टी बघा. फोन बदलला की यूपीआय नव्याने जोडावं लागतं, आणि त्यानंतर काही काळ पैसे पाठवायची मर्यादा साधारण ५,००० रुपये असते. अँड्रॉईडवर ती सहसा २४ तास, आयफोनवर ७२ तास. तुम्हाला येणारे पैसे येत राहतात, क्यूआरचा स्पीकरही वाजत राहतो, पण तेलाच्या डब्यांचे नि डाळीचे पैसे द्यायला तुम्ही अडाल. मुलाचा उत्साह कितीही असला तरी मोठ्या ऑर्डरीच्या आठवड्यात फोन बदलायचा नाही. दुसरं, अनोळखी गिऱ्हाईकाचं नाव दाखवणारं ट्रूकॉलर अँड्रॉईडवर फुकटात मनासारखं चालतं. आयफोनवर तेवढी सोय २०२५ मध्ये आली, तीही पैसे भरणाऱ्यांना. तुम्हाला दिवसात निम्मे फोन अनोळखी नंबरवरून येतात, म्हणून सांगितलं.

आणि खरं सांगू का, तुमच्या फोनला झालंय काय हे अजून कुणी बघितलंच नाही. 'स्टोरेज भरलं' हा कंपनीचा दोष नाही, 'शुभ सकाळ'चा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज मॅनेज करा'. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवतात. महिला मंडळाच्या ग्रुपपासून सुरुवात करा, पण ऑर्डरींचे फोटो पाहूनच पुसा. मग फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करून टाका, नाहीतर महिन्यात परत तेच. हे आयफोनवरही करावंच लागेल, तिथे तर मेमरी कार्ड घालायची सोयच नाही. ॲपलच्या आयक्लाउडवर, म्हणजे फोनबाहेरच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट जागा ५ जीबी, गुगलकडे १५, आणि अँड्रॉईडवर तुमच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्या पंधरातच धरला जातो.

एवढं झाल्यावर सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्षाहून जुनी असेल तर फोन साफ करून पळायला लागला तरी बदला. ज्या फोनवर बँक चालते तो शिळा ठेवू नये. तारीख ताजी असेल, तर घाई कसली? डिसेंबरपर्यंत आरामात चालेल.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी अँड्रॉईडच. वीस ते पंचवीस हजारांतला, निदान पाच-सहा वर्षं अपडेटचा शब्द असलेला, दोन सिमच्या खाचांचा. कारण तुमचा हात त्यावर बसलाय, माइक तुमचं मराठी ऐकतो, आणि काही अडलं तर आळीतला कुठलाही पोरगा दोन मिनिटांत बघून देईल. भारतात शंभरांतल्या नव्वदांहून जास्त फोन अँड्रॉईडच आहेत, त्यामुळे मदतही गल्लीत मिळते आणि पडद्याची काचही. ॲपलचं स्वतःचं दुकान पुण्यात कोरेगाव पार्कला २०२५ मध्ये सुरू झालं, पण कराडहून काच बदलायला तिथवर जायचं म्हणजे दिवस मोडला. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच, की ज्यांच्या घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन आहे, जवळ अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे आणि फोनवर धंदा चालत नाही, त्यांना मी उलट सल्ला देईन. घरात चार माणसांना जे येतं ते पाचव्याने घ्यावं. अशा एखाद्या आजोबांना आयफोनच द्या आणि त्यातला 'असिस्टिव्ह ॲक्सेस' सुरू करून द्या, मोठी बटणं आणि मोजकी ॲप राहतात.

मुलाला कसं सांगायचं, हा तुमचा खरा प्रश्न मला शेवटी आलेला दिसतोय. 'नको' असं म्हणू नका. त्याला आईला काहीतरी द्यायचंय, तर देऊ दे. म्हणा, 'फोन तूच घ्यायचास, पण इथून, मी सांगते तो. आणि दोन संध्याकाळी मला द्यायच्यास.' पहिल्या संध्याकाळी त्याने जुन्यावरून नव्यावर सगळं आणायचं, कंपनीने भरलेली ॲप काढायची, अक्षरं मोठी करायची, फोन हरवला तर शोधायची सोय चालू करायची. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही हातात घेऊन वापरायचा आणि त्याने शेजारी बसून फक्त बघायचं, फोन हिसकावून घ्यायचा नाही. मुलं हिसकावतात, तुम्हाला माहीत आहेच. नातवाच्या फोटोंसाठी गुगल फोटोजचा एक सामायिक अल्बम करून घ्या, तो त्याच्या आयफोनवरही उघडतो.

आणि एवढं सगळं ऐकूनही तो आयफोनवरच अडला, आणि तुमचंही मन झालं, तर घ्या बापडा, मी कोण अडवणार. फक्त व्हॉट्सॲप नेताना एक सांभाळा. अँड्रॉईडचा गुगलवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप जुन्या फोनवर घ्यावं लागतं, आणि तेही आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच. आयफोन आधी लावून बसलात आणि मग आठवलं, तर तो कोरा करून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे आणि काम संपेपर्यंत हात लावायचा नाही.

कुठलाही फोन घेतलात तरी जुना लगेच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. हजार-दीड हजार कमी मिळाले तरी चालतील, महिनाभर कपाटात राहू दे. गेल्या वर्षी कोणी किती किलो अनारसे नेले होते हे बघायला तुम्ही जुन्या गप्पा उघडाल, आणि त्या नव्यात आल्या नाहीत हे तेव्हाच कळेल.